खोड सांगून दिलेली खोली

सोपानमामांनी पहिल्या दिवशी मला खोली नाकारली. कारण काय, तर माझ्यात काही दोष नव्हता. निदान मी त्यांना तसं सांगितलं होतं.

मी तेव्हा नगरच्या एमआयडीसीत नवीनच लागलो होतो. काम तपासणी विभागातलं. तयार झालेले सुटे भाग दिवसभर मोजायचे आणि केसभर फरक असेल तो बाजूला काढायचा. राहायला जागा हवी होती. कारखान्यातल्या एकाने सांगितलं, नागापूरला सोपानमामांच्या नऊ खोल्या आहेत, तिथे विचार. गेलो. खाली पाच खोल्या, वर चार. बाहेरून लोखंडी जिना आणि वरच्या टोकाला मामा-मामींचं स्वतःचं बिऱ्हाड. मामा त्या वेळी पन्नाशीच्या पुढचे असतील. धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर एक निळ्या काठाचा टॉवेल. तो टॉवेल मी त्यांच्या खांद्यावरून उतरलेला फक्त एकाच कामासाठी पाहिला. ते पुढे सांगतो.

त्यांनी मला वर नेऊन आठ नंबरची खोली दाखवली, खाली आणलं, ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "आता खोलीच्या खोडी ऐकून घ्या. वर पत्रा हाय. उन्हाळ्यात बारा ते चार आत बसाल तर पापडावानी भाजाल. पानी दिवसाआड, सकाळी सव्वासहाला, चाळीस मिन्टं. सात नंबरवाला घोरतो आन् मधली भिंत चार इंची हाय. आन् आमची म्हातारी पहाटं रेडिओ लावती, मोठ्यानं. तिला बंद कर म्हनायची माझी बी टाप न्हाई."

मी म्हणालो, "चालेल."

"आता तुमची सांगा."

"माझी काय?"

"खोड."

"मला तशी काही खोड नाही."

मामा उठले आणि धोतर झटकलं. "मंग खोली न्हाई."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते खरोखरच चालू लागले. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सांगून टाका की कायतरी. समद्यांना असतीय."

मामा पाठमोरेच बोलले, "तीस वर्सं घोडेगावच्या बाजारात बैलं इकली. बिनखोडीचा बैल पाह्यला न्हाई. ज्याला खोड न्हाई म्हनत्यात, त्याची घरी नेल्यावर कळती."

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "मी मोजतो."

"काय मोजता?"

"सगळंच. सवय आहे. खिडकीचे गज, टाइल्स. आत्ता तुमचा जिना चढलो, त्याला सतरा पायऱ्या आहेत आणि तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे."

मामा जिन्याकडे गेले. तिसऱ्या पायरीवर चढले, उतरले, पुन्हा चढले. मग मामींकडे वळून म्हणाले, "अगं, बारा वर्सं मी हितं ठेचकाळतोय. मला वाटायचं माझाच पाय चुकतोय."

मला खोली मिळाली आणि त्याच दिवशी नावही मिळालं, मोजणीसाहेब.

आता तो टॉवेल. गुरांच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात हातात घेतात, वरून टॉवेल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभा असलेल्यालाही कळत नाही. मामा खोलीचं भाडं असंच ठरवायचे. तुमचा हात त्यांच्या हातात, वर निळ्या काठाचा टॉवेल, आणि मामा आकाशाकडे बघत तुमची बोटं दाबणार. मला त्यातलं काही कळेना. त्यांनी चार बोटं दाबली की पाच, यावर माझा गोंधळ झाला. शेवटी त्यांनी टॉवेलाआडून बाहेर डोकावून पाहावं तसं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कानात आकडा सांगितला. "दुसऱ्या कुनाला सांगायचा न्हाई. आन् दुसऱ्याचा इचारायचा न्हाई."

माझ्यासारख्याला ही शिक्षाच होती. नऊ खोल्या, सगळ्या सारख्या, नऊ फूट दहा इंच गुणिले अकरा फूट आठ इंच. मी स्वतः टेप लावून पाहिल्या होत्या. मग भाडं सारखं का नसावं? मी नऊ वर्षं त्यांचा भाडेकरू होतो. लग्न त्याच खोलीत असताना झालं, मुलगी त्याच खोलीत असताना झाली, आणि शेजारचा काय भाडं देतो हे मला कधी कळलं नाही. खोली सोडताना मी म्हणालो, "आता तर सांगा."

मामा म्हणाले, "बाजार उठल्यावर भाव इचारू नये."

एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं की मुलगी झाली त्या वर्षी मामांनी टॉवेलाखाली माझं एक बोट कमी दाबलं होतं.

भाडेकरू पारखायच्या त्यांच्या रीती होत्या. बैलाचे दात बघावेत तशा ते माणसाच्या चपला बघत. चपला कुठल्या कंपनीच्या आहेत याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. त्या कुठे काढल्या, हे ते बघत. ओट्याच्या मधोमध काढल्या तर हा माणूस मोरीत खरकटं टाकणार. कडेला नीट काढल्या तर बायकोने शिकवलेला आहे, चांगला आहे. काढल्याच नाहीत तर पाणीसुद्धा विचारायचं नाही. मी याचा हिशेब ठेवून पाहिला. माझ्या देखत त्यांनी एकवीस माणसं अशी पारखली आणि तिघांच्या बाबतीत ते चुकले. आमच्या कारखान्यातल्या तपासणीच्या मशीनपेक्षा चुकांचं हे प्रमाण जास्त होतं, पण त्या मशीनला वीज लागायची.

कागदपत्राच्या बाबतीत मात्र त्यांचं सगळं सरकारी. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती. "टॉवेल भावासाठी," म्हणायचे, "कागद भांडनासाठी. बाजारात बी पावती फाडल्याबिगर बैल हालत न्हाई."

त्यांच्या खरेपणाचं नुकसान मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. दोन नंबरमध्ये शिंदे नावाचे वेल्डर होते. माणूस देवासारखा, पण निघेना. मामांच्या मेव्हण्याच्या मुलाला ती खोली हवी होती. करार संपून दोन महिने झाले, तरी शिंदे रोज सकाळी नमस्कार करून म्हणायचे, "मामा, बघतोय जागा." आणि संध्याकाळी अंगणात खाट टाकून पडायचे.

आम्ही म्हणालो, मामा, नोटीस द्या. पाणी तोडा. मामा म्हणाले, "हुसकून लावलेलं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरतं. मीच त्याला जागा बघून देतो." मग रोज संध्याकाळी मामा शिंद्यांना आपल्या जुन्या लुनावर मागे बसवून जागा दाखवायला नेऊ लागले. घरमालक भेटला की मामा शिंद्यांची ओळख करून देत. "मानूस लई चांगला. दारू न्हाई, भांडन न्हाई. भाडं एक तारखेला. खोड एकच हाय, एकदा बसला की उठत न्हाई."

झालं. घरमालक हात जोडायचा. अशा अकरा जागा झाल्या. शेवटी शिंदेच वैतागून म्हणाले, "मामा, तुम्ही मला काढताय का ठेवताय?"

मामा म्हणाले, "बसका बैल हाय हे न सांगता तुला दुसऱ्याच्या गळ्यात घालू व्हय? तो मानूस उद्या माझ्या दारात येईल."

बारावी जागा एका म्हाताऱ्या शिक्षिकेची होती. एकट्याच राहायच्या. मामांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. बाई म्हणाल्या, "उठत नाही म्हणजे? कायमचा राहील?"

"तशीच लक्षनं हायती."

"मग उद्याच पाठवा. दर अकरा महिन्यांनी नवीन तोंडाला माझी औषधं कुठं ठेवलीत ते दाखवून दमले मी."

परत येताना मामा लुनावर गाणं म्हणत होते, असं शिंदे सांगायचे. तेव्हापासून मामांच्या बोलण्यात एक वाक्य वाढलं. "खोडीला बी गिऱ्हाईक असतंय. फक्त ती सांगावी लागती."

मी सावेडीत घर घेतलं आणि नागापूर सुटलं. पण मामांकडे जाणं-येणं राहिलं. पुढे मुलगी मोठी झाली, तिच्या शिक्षणाचा आकडा समोर दिसू लागला, तेव्हा मी कर्ज काढून केडगावात तळमजल्यावर एक छोटा फ्लॅट घेतला. विचार असा की भाड्यातून हप्त्याचा बराच भाग निघेल आणि पगार फीसाठी राहील. कागदावर हे गणित अगदी बरोबर होतं. फक्त त्यात फ्लॅट रिकामा राहण्याचा रकाना नव्हता.

घरमालक होण्याची मला भीती वाटत होती. मी वहीत चौदा प्रश्न लिहिले आणि मामांकडे गेलो. अनामत किती घ्यावी? नळ बिघडला तर खर्च कोणाचा? एकटी मुलं ठेवावीत का? एजंट करावा का? भाडं दर वर्षी किती वाढवावं? एक चावी आपल्याकडे ठेवावी का?

मामांनी एवढ्याच एका प्रश्नाचं लगेच उत्तर दिलं. "इकलेल्या बैलाच्या गोठ्यात रोज डोकवायला जातो का आपन? चावी त्याची त्याला द्या." बाकीचे तेरा प्रश्न ऐकून म्हणाले, "आधी जनावर दावा."

मी त्यांना केडगावला नेलं. मामा फ्लॅटमध्ये शिरले. एकेका भिंतीवरून तळहात फिरवत चालले. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. आतल्या खोलीच्या मागच्या भिंतीपाशी थांबले. थोपटली. नखाने रंग खरवडला. मग माझ्याकडे वळले.

"शिंगांना तेल लावून बाजारात आनलाय व्हय?"

मी कबूल केलं. पावसाळ्यात त्या भिंतीला खालून ओल यायची. इमारतीच्या बाहेरच्या बाजूचा दोष होता आणि सोसायटीतले बाकीचे लोक खर्चाला तयार नव्हते. मी वरून चांगल्या प्रतीचा रंग मारून घेतला होता. दोन हात. दिसत काही नव्हतं.

"गिऱ्हाइकाला सांगनार ना?"

"विचारलं तर सांगेन."

मामा हसले. "मोजणीसाहेब, केसभर फरक पडला तर तुमी कारखान्यात माल फेकून देता. हितं आख्खी भिंत हाय."

नेमकं त्याच वेळी एक बँकेतलं जोडपं फ्लॅट बघायला आलं. त्यांना जागा आवडली. तळमजला, ऊन चांगलं, रस्ता जवळ. अनामतीची बोलणी सुरू होणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "ही भिंत पावसाळ्यात घाम सोडती बरं का." जोडपं गेलं. पुढच्या रविवारी एक निवृत्त सर आले. मी मामांना बोलावलं नव्हतं, तरी ते लुनावर हजर. सरही गेले. तिसऱ्यांदा मी वेळच बदलली, पण गिऱ्हाईक आत असतानाच मामांनी मामींकडून मला फोन लावून घेतला आणि "त्यांच्याकडं द्या" म्हणत त्या गिऱ्हाइकाशी बोलून घेतलं.

त्या दिवशी मी चिडलो. म्हणालो, "मामा, तुमचं आयुष्य झालं खोडी सांगण्यात. मला हप्ता आहे. तीन महिने फ्लॅट रिकामा पडलाय. मुलीची फी भरायची आहे. खोडीलाही गिऱ्हाईक असतं म्हणता, कुठंय ते?"

मामा लुनाकडे वळले. पायडल मारलं, ती सुरू झाली नाही, पुन्हा मारलं आणि गेले. मी घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नऊ वर्षांत तुम्हाला ते एकदा तरी आवाज चढवून बोलले होते का?" मी मोजायला लागलो, पण आकडा शून्याच्या पुढे गेला नाही.

पंधरा दिवसांनी मामाच सावेडीला आले. चपला अगदी कडेला काढल्या. ते पाहून मला कळायला हवं होतं.

"मोजणीसाहेब, भाड्यानं जागा पायजे."

"कोणाला?"

"मला."

मामींचा गुडघा गेला होता. ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी सहा-आठ महिने जिना चढायचा नाही असं सांगितलं होतं. मामांचं घर वर, सतरा पायऱ्यांवर. खालच्या पाचही खोल्यांत भाडेकरू.

मी म्हणालो, "अहो, घर तुमचं आहे. खालच्या कोणालाही सांगा, थोडे दिवस वर राहा म्हणून. कोणी नाही म्हणणार नाही."

"तेच तर. न्हाई म्हननार न्हाईत. लाजंपोटी जातील. कुनाचं लहान लेकरू हाय, कुनाची आई म्हातारी. अकरा महिन्यांचा शब्द दिलाय मी त्यांना. बाजारात लाजंपोटी दिलेला हात मी कधी धरला न्हाई." मग म्हणाले, "तुमची भिंत ठावं हाय मला. तळमजला म्हातारीसाठी लई बरा. आता माझ्या खोडी ऐका. मी पहाटं चारला उठतो. खोकतो. म्हातारी रेडिओ लावती. आन् मी घरमालक हाय, त्यामुळं भाडेकरू म्हनून लई वाईट असनार."

भाडं ठरवायला त्यांनी टॉवेल काढला. आत आमच्या दोघांचं जे चाललं ते बाहेरून कोणी पाहिलं असतं तर वेड लागलं असतं. मी बोटं कमी दाबत होतो आणि ते वाढवत होते. मी पुन्हा कमी केली, तर त्यांनी माझं मनगटच पिळलं. शेवटी सौदा त्यांच्या आकड्यावर झाला. आकडा सांगत नाही. बाजार उठला आहे.

मामांनी सांगितलेली शेवटची खोड खरी निघाली. सकाळी सात वाजता फोन. "मालक, नळ गळतोय. मिन्टाला अठ्ठावीस थेंब. मोजल्यात." वॉशर बदलून दिला तर दुसऱ्या दिवशी, "आता चार थेंब. पर गळतोच." ट्यूबलाइट, खिडकीची कडी, दाराचा आवाज, सगळं ते मला कळवत. मी जाऊन उभा राहिलो की मामी आतून म्हणायच्या, "लक्ष देऊ नका. त्यांनी जल्मभर दुसऱ्यांची गाऱ्हानी ऐकली, आता आपली सांगायची हौस फेडून घेत्यात."

पावसाळ्यात भिंतीला ओल आली. मी दर रविवारी टेप घेऊन जायचो. जमिनीपासून दोन फूट चार इंचांपर्यंत ती चढली आणि थांबली. मामांनी खाट फूटभर पुढे ओढून घेतली आणि तक्रार केली नाही. "ही सांगून घेतल्याली हाय," म्हणाले, "हिच्याबद्दल बोलायचा हक न्हाई मला. पर मोरीचं तुमी सांगितलं नव्हतं."

"मोरीचं काय?"

"दोन बादल्या एकदम वतल्या की पानी माघारी येतं."

हे मला खरंच माहीत नव्हतं. प्लंबर आणला. तो म्हणाला, सगळी फरशी फोडावी लागेल. मुलीची फी तोंडावर होती. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. मामा म्हणाले, "बघा. मी एकेक बादली वततो."

मामींचा गुडघा तोवर बरा झाला होता, पण जिना नकोच असं डॉक्टरांचं मत पडलं. अकरा महिने भरत आले तसा नागापूरचा एक नंबरचा भाडेकरू आपणहून स्वतःच्या घरी राहायला गेला. मामांनी खालची खोली रंगवून घेतली. फ्लॅट सोडायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. कपाट, खाट, रेडिओ चढला. मामींना पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं.

त्याच वेळी फ्लॅट बघायला एमआयडीसीतला एक मुलगा आणि त्याची बायको आली. वेळ मीच दिली होती, मामांची निघायची वेळ चुकवून, पण टेम्पो उशिरा आला. मुलीच्या पुढच्या वर्षाची फी भरायची होती. फ्लॅट पुन्हा तीन महिने रिकामा राहिला तर काय करायचं, हे गणित मी रात्री दोनदा करून पाहिलं होतं. दोन्ही वेळा हप्ता आणि फी पगारात बसली नव्हती.

मामा टेम्पोत मागे सामानापाशी उभे होते. एक हात कपाटावर, जसा बैलाच्या वशिंडावर ठेवावा तसा. आमच्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडे बघत होते. पण फ्लॅटचं दार उघडं होतं आणि माझा आवाज तिथवर जात होता.

मी त्या दोघांना आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीवर हात ठेवला. "पावसाळ्यात हिला ओल येते. दोन फूट चार इंचांपर्यंत. खाट फूटभर पुढे ठेवावी लागते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको म्हणाली, "बाकी काही नाही ना?"

"बाकी काही नाही," मी म्हणालो. मला फार हलकं वाटत होतं.

बाहेरून आवाज आला, "आन् मोरीचं?"

मी दारात आलो. मामा अजूनही रस्त्याकडेच बघत होते.

मी मोरीचं सांगितलं. दोन बादल्या, माघारी येणारं पाणी, प्लंबर, फरशी, सगळं. तो मुलगा हसायला लागला. म्हणाला, "काका, आत्ता राहतो तिथं नऊ बिऱ्हाडांत एक मोरी आहे. ही माझी एकट्याची आहे ना? मग मी एकेक बादली ओतेन." बायको म्हणाली, "आणि भिंतीला मी माझं शिलाईचं मशीन लावणार नाही. पण मशीन रात्री दहापर्यंत चालतं, ते आधीच सांगते."

मामा त्यानंतर चार महिन्यांनी गेले, मी कामाने बाहेरगावी असताना. त्यामुळे मला शेवटचे आठवतात ते त्या टेम्पोतलेच. त्या बाईचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. निळ्या काठाचा टॉवेल खांद्यावर नीट केला, कपाटावर दोन थापा मारल्या आणि ड्रायव्हरला म्हणाले, "हान."